एकाच रंगाच्या घरात निघाले दोन रंग

पुऱ्या घराला एकच सायीसारखा, बदामीकडे झुकणारा रंग द्यायचा, हे माझंच ठरलं होतं. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव काळ्या मातीचं. पांढऱ्या भिंतीवर धूळ आठवड्यात दिसते आणि गडद रंगानं लहान खोल्या अजून लहान वाटतात. जुन्या कवेलूच्या घरात सासूबाई पांढऱ्या मातीनं भिंती पोतारायच्या. त्या मातीतही थोडी पिवळसर झाक असायची आणि संध्याकाळी दिव्यात ती फार ऊबदार दिसायची. स्लॅबच्या घरात मला तेच हवं होतं. मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं होतं, म्हणून दिवाळीच्या आधी काम काढलं.

ठेकेदार ओळखीतून आला. पुट्टी, प्रायमर आणि इमल्शनचे, म्हणजे ओल्या फडक्यानं पुसता येणाऱ्या रंगाचे, दोन हात, सामानासकट २० रुपये चौरस फूट. भिंती मोजल्या, २,२०० फूट भरल्या. म्हणजे ४४,००० रुपये. त्यातले ३०,००० आधी दिले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, पक्क्या बिलावर अठरा टक्के जीएसटी लागते. तुमाले काहून वरचे पैसे?" रंगावर १८ टक्के जीएसटी आहे, हे खरंच आहे. त्यामुळे मी गप्प बसले. पुढं लक्षात आलं की हा माणूस अशाच अर्ध्या खऱ्या गोष्टी पुढं करून सगळं काम करतो.

पहिली १० लिटरची बादली आमच्यासमोर उघडली. झाकणावर मशीनवर रंग मिसळल्याचं स्टिकर होतं, त्यावर शेडचा नंबर होता. बादलीत रंगाऱ्यासाठी कंपनीचा टोकन असतो, त्यावर त्याला पैसे मिळतात; तो टोकन त्याच्या पोऱ्यानं लगेच काढून खिशात घातला. बैठक आणि सपरी, म्हणजे ओसरी, त्या बादलीत झाली. दुसऱ्या दिवशी आतल्या खोल्यांसाठी जी बादली आली तिची सील निघालेली होती. "दुकानातच हलवून आणली," म्हणाला. तिच्यातला टोकन कोणीच शोधला नाही. मी सगळं उभी राहून पाहत होते, पण ही गोष्ट मला तेव्हा खटकली नाही. आज सगळ्यात जास्त तीच सलते, कारण टोकनचे पैसे रंगारी कधी सोडत नाही.

काम झाल्यावर आतल्या दोन्ही खोल्या आणि स्वयंपाकखोली मला गुलाबीकडे झुकलेली वाटली. मी बोलले. तो शांतपणे म्हणाला, "तो उजेडाचा फरक हाये ताई. एकच कलर हर खोलीत वेगळा दिसते." हेही खरं आहे. उत्तरेच्या खिडकीच्या खोलीत असा रंग थंड, मळका दिसतो. दुपारच्या पश्चिमेच्या उन्हात तोच पिवळा होतो. खिडकीपुढं निंबाचं झाड असलं तर भिंतीवर हिरवट झाक येते. पुऱ्या घराला एकच रंग देणाऱ्याला हे सगळं पाहावंच लागतं. त्यामुळे मी माझ्या डोळ्यांवर शंका घेतली आणि अजून ६,००० दिले. जाताना त्यानं बजावलं, "महिनाभर ओला फडका लावू नका बरं, कलर पक्का व्हाले टाइम लागते." नव्या रंगाला मुरायला वेळ द्यावाच लागतो, म्हणून आम्ही कोणी भिंतीला हातही लावला नाही.

हळदीच्या दिवशी आतल्या भिंतीला कोणाचा तरी हात लागला. महिना कधीचा उलटून गेला होता. मी ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर हळदीसोबत रंगच फडक्यावर आला, खालची पांढरी पुट्टी उघडी पडली. बैठकीत तसाच फडका फिरवला, तिथं काहीच आलं नाही. घरात पाहुणे होते, मंडप टाकलेला होता. मी कपाट सरकवून तो डाग झाकला आणि लग्न पार पाडलं. त्या दोन दिवसांत मला एक घास गोड लागला नाही.

मग भाच्यानं पहिल्या बादलीच्या तळाशी उरलेला रंग एका जाड पुठ्ठ्यावर दोन हात देऊन वाळवला. तो पुठ्ठा बैठकीच्या भिंतीला धरला की भिंतीत मिसळून जायचा. सपरीतही तसंच. आतल्या खोलीत धरला की लांबून वेगळा दिसायचा. उजेडाचाच फरक असता तर त्या खोलीत पुठ्ठाही भिंतीसारखाच गुलाबी दिसला असता. हे एवढं साधं होतं, आणि काम चालू असताना करता आलं असतं.

गोठ्यामागं दुसरी बादली सापडली. तिच्यावर २० किलो लिहिलं होतं. इमल्शन लिटरवर विकतात आणि डिस्टेंपर, म्हणजे त्याहून स्वस्तातला, ओल्या फडक्यानं सुटणारा रंग, किलोवर. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये पिवळा आणि लाल स्टेनर (रंगछटेचा अर्क) हातानं घोटून आमच्या १,२०० फूट भिंती रंगवल्या होत्या, इमल्शनच्या भावात.

उरलेले ८,००० मागायला तो आला तेव्हा मी पुठ्ठा आणि बादली पुढं ठेवली. पुन्हा उजेडाचंच सांगायला लागला. मी त्याच्यासमोर भिंतीला फडका लावला, तेव्हा न बोलता उठून गेला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण माझ्याजवळ ना बिल, ना भाव ठरल्याचा कागद, ना झाकणाचा फोटो. वाचवायचा तो जीएसटी मला फार महाग पडला.

आता तो शेजारच्या गावात काम धरून आहे, म्हणून हे लिहिते आहे. एकच रंग असला की बादली बदललेली कळत नाही. रंग दुकानातून स्वतः आणा, सील घरी फोडा, पहिल्याच बादलीतून पुठ्ठा रंगवून ठेवा आणि रोज संध्याकाळी त्या दिवशीच्या भिंतीला लावून पाहा. स्टिकरचा फोटो त्याच दिवशी काढा. रिकाम्या बादल्या फवारणीच्या पाण्यासाठी शेतात जातात, आणि झाकण तर आठवड्यात कुठं जातं ते कोणालाच सांगता येत नाही.