क्रॅनबरी, वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो की एडिसन? घर घेण्याआधी शाळेचा कारभार बघा

न्यू जर्सीत घर शोधणं सुरू झालं की रात्रीची जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडतो आणि पहिला प्रश्न येतो, शाळेचं रेटिंग किती? दहापैकी आठ, दहापैकी नऊ. मध्य जर्सीतल्या आपल्या लोकांची यादी फिरून फिरून त्याच नावांवर येते. मला जे विचारायला येतात त्यांच्या तोंडी बहुतेक वेळा तीनच नावं असतात: क्रॅनबरी, वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो आणि एडिसन. तिन्हींच्या शाळा नावाजलेल्या आहेत, त्यामुळे आठ की नऊ यावरून निवड करण्यात काही अर्थ नाही. खरा फरक आहे तो शाळेचे निर्णय कोण घेतं, पैसा कोण भरतं आणि मूल आठवीनंतर कुठे जातं यात. घराच्या जाहिरातीत यातलं काहीच नसतं.

आधी आकार बघू. क्रॅनबरी हे साधारण ३,८०० वस्तीचं गाव आहे. तिथे स्वतंत्र स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था आहे, पण शाळा एकच, बालवाडीपासून आठवीपर्यंत. वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो हे दोन टाउनशिपनी मिळून चालवलेलं डिस्ट्रिक्ट. २०२० च्या जनगणनेत वेस्ट विंडसरची वस्ती साडेएकोणतीस हजार आणि प्लेन्सबोरोची चोवीस हजार होती. या डिस्ट्रिक्टमध्ये नॉर्थ आणि साउथ अशी दोन हायस्कूल आहेत. एडिसन तर शहरच, त्याच जनगणनेत १,०७,५८८ लोक. तिथेही हायस्कूल दोन, एडिसन हाय आणि जे. पी. स्टीव्हन्स. एवढ्याशा राज्यात अशी जवळपास सहाशे डिस्ट्रिक्ट आहेत आणि प्रत्येकाचं बोर्ड वेगळं, बजेट वेगळं.

आपल्यापैकी बरेच जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले. तिथे गुरुजींची बदली जिल्ह्यात कुठेही व्हायची, पगार राज्य सरकारकडून यायचा, आणि गावाच्या हातात फार तर शाळेची रंगरंगोटी असायची. इथला हिशेब नेमका उलटा आहे. शिक्षक नेमायचे, सुपरिंटेंडंटशी म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याशी करार करायचा, शाळेची हद्द ठरवायची, कोणता विषय वाढवायचा, हे सगळं टाउनने निवडून दिलेलं बोर्ड ठरवतं. सभासद बिनपगारी असतात आणि मुदत तीन वर्षांची. त्यातले काही जण दरवर्षी बदलतात. रोजचा कारभार सुपरिंटेंडंट बघतात, बोर्डाने त्यात हात घालायचा नसतो. धोरण, बजेट आणि सुपरिंटेंडंटची नेमणूक मात्र बोर्डाकडे.

लहान गावाचा फायदा इथे कळतो. एका लहान डिस्ट्रिक्टच्या बैठकीला मी गेलो होतो. शाळेच्या लायब्ररीत मुलांच्याच खुर्च्या मांडलेल्या, समोर लांब टेबलामागे बोर्ड, मधोमध एक माइक. पहिलीतल्या मुलीची आई उठली आणि म्हणाली, बस सकाळी वळणावर थांबते तिथे फुटपाथ नाही. पूर्ण तीन मिनिटंही बोलली नाही. बोर्डावरच्या एका बाईंना ते वळण माहीत होतं, त्यांचंच घर त्या रस्त्यावर. एडिसनच्या आकाराच्या डिस्ट्रिक्टमध्येही बोलायची संधी असते. १९७५ च्या खुल्या बैठकांच्या कायद्यानुसार लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. पण तिथे त्या आईचं वळण शेकडो वळणांपैकी एक असतं.

आता क्रॅनबरीतली मेख. गावाला हायस्कूल नाही. नववीपासून मुलं प्रिन्स्टन हायस्कूलला जातात आणि क्रॅनबरी त्यांची फी प्रिन्स्टनच्या डिस्ट्रिक्टला भरतं. अशी 'पाठवणारं गाव आणि घेणारं गाव' ही पद्धत न्यू जर्सीत जुनीच आहे. २०१८ मध्ये प्रिन्स्टनच्या बोर्डाने हा करार २०३० पर्यंत वाढवला, तेव्हा आमच्या शाळा भरल्या असताना बाहेरची मुलं कशाला, असं म्हणत प्रिन्स्टनच्या काही रहिवाशांनी विरोध केला होता. क्रॅनबरीचा एक प्रतिनिधी प्रिन्स्टनच्या बोर्डावर बसतो, पण त्याला मत देता येतं ते हायस्कूलशी संबंधित ठरावीक बाबींवरच. म्हणजे पहिली नऊ वर्षं तुमचा आवाज मोठा आणि शेवटची चार वर्षं, ज्यांची आपल्याला सगळ्यांत जास्त काळजी असते, ती दुसऱ्या गावाच्या मतदारांच्या हातात. २०३० नंतर नववीत जाणारं मूल असेल तर हा विषय घर बघतानाच काढा. घाबरायचं कारण मात्र नाही. करार संपला तरी हे नातं एकतर्फी तोडता येत नाही, त्यासाठी राज्याच्या शिक्षण आयुक्तांची मंजुरी लागते आणि त्याआधी परिणामांचा अभ्यास मांडावा लागतो.

वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरोचं बोर्ड नऊ जणांचं, जागा वस्तीनुसार वाटलेल्या: पाच वेस्ट विंडसरच्या, चार प्लेन्सबोरोच्या. पहिलीपासून बारावीपर्यंत एकाच बोर्डाची जबाबदारी, ही या डिस्ट्रिक्टची माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी जमेची बाजू. एडिसनचंही तसंच. पण एडिसनमध्ये घराचा पत्ता फार जपून बघावा लागतो. रस्त्याच्या या बाजूची मुलं एका हायस्कूलला आणि पलीकडची दुसऱ्या. वर्ग भरून वाहतात ही तिथली जुनी तक्रार आहे, त्यामुळे हद्दींची चर्चा कधी बंद होत नाही. एजंट जे सांगेल त्यावर विसंबू नका, डिस्ट्रिक्टच्या नोंदणी कार्यालयात पत्ता देऊन विचारा.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. बोर्डाच्या निवडणुकीत मत नागरिकांनाच देता येतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा वर्षं काढणारी आपली कुटुंबं कर पूर्ण भरतात, मत देऊ शकत नाहीत. अशा घराला बैठकीतला माइक हाच एक रस्ता उरतो आणि तो लहान डिस्ट्रिक्टमध्ये जास्त उपयोगी पडतो.

पैशाचं काय?

प्रॉपर्टी टॅक्सचं बिल हातात घ्या. काउंटी (म्हणजे जिल्हा), म्युनिसिपल, शाळा अशा ओळी वेगवेगळ्या छापलेल्या असतात आणि शाळेची ओळ बहुतेक ठिकाणी सगळ्यांत जाड. राज्यभर पाहिलं तर या कराचा साधारण निम्मा हिस्सा शाळांना जातो. २०२४ मध्ये न्यू जर्सीतलं सरासरी वार्षिक बिल पहिल्यांदाच १०,००० डॉलरच्या वर गेलं. हप्ते चार: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर.

सगळा भार घरांवरच का? यामागे मोठा इतिहास आहे. राज्याच्या घटनेत १८७५ पासून 'परिपूर्ण आणि कार्यक्षम' मोफत शाळांची हमी आहे. घरांच्या करावरच शाळा चालल्या तर गरीब गावातल्या मुलांना ती हमी मिळत नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सांगितलं. आमदार पैशाची सोय करीनात, तेव्हा जुलै १९७६ मध्ये न्यायालयाने राज्यातल्या शाळांचा खर्चच थांबवला. आठ दिवस शाळा बंद राहिल्या आणि न्यू जर्सीत आयकर आला. आज राज्याची मदत वाटली जाते ती २००८ च्या सूत्राने. गावातली मालमत्ता आणि लोकांचं उत्पन्न पाहून गावाला किती झेपेल ते ठरतं, उरलेलं राज्य देतं. म्हणून क्रॅनबरीसारख्या सधन गावाला राज्याकडून फार थोडं मिळतं.

मग क्रॅनबरी कसं भागवतं? टर्नपाइक हायवेच्या 'आठ-ए' एक्झिटवरून खाली उतरा, उत्तर समोरच दिसतं: मैलोन्‌मैल गोदामं. गोदामं कर भरतात आणि त्यांची मुलं शाळेत येत नाहीत. चारच गल्ल्यांच्या जुन्या, देखण्या गावाला स्वतःची शाळा परवडते ती बरीचशी या राखाडी डब्यांमुळे. ट्रकच्या वर्दळीबद्दल गावकरी कुरकुरतात आणि ते खरंच आहे, पण बिल बघताना ते डबे आठवावेत.

वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरोत वेगळाच गुंता आहे. डिस्ट्रिक्टचा एकूण कर दोन टाउनमध्ये मालमत्तेच्या मूल्यानुसार वाटला जातो. एका टाउनमधल्या किमती जास्त चढल्या की त्याचा वाटा वाढतो. त्यामुळे शाळेचं बजेट एकच असूनही एकाच वर्षी एका टाउनचा शाळेचा दर वाढतो आणि दुसऱ्याचा उतरतो, असं घडू शकतं. वेस्ट विंडसरमधल्या आणि प्लेन्सबोरोतल्या दोन मित्रांनी बिलं शेजारी ठेवली तर वाद ठरलेला.

करवाढीला वरून झाकण आहे. २०१० च्या कायद्याने शाळेसाठीचा कर वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, आरोग्य विमा आणि पटवाढ यांसारखे अपवाद सोडून. २०१२ पासून बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरला नेली आणि बजेट मर्यादेत ठेवलं तर त्यावर मतदान घ्यावं लागत नाही. हे सोयीचं आहे, पण पूर्वी एप्रिलमध्ये बजेटवर मत द्यायला लोक यायचे ते आता येत नाहीत. मला हे खटकतं. कोट्यवधी डॉलर खर्च करणाऱ्या संस्थेची बजेटची सुनावणी पंधरा माणसांसमोर व्हावी, हे बरं नव्हे. झाकणाचा फटका लहान डिस्ट्रिक्टला जास्त बसतो. विशेष गरजा असलेलं एक मूल बाहेरच्या खास शाळेत पाठवावं लागलं, तर एकाच शाळेच्या बजेटमध्ये तो खर्च लगेच दिसतो. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये तो मुरतो.

निकालांकडे येऊ. राज्य दरवर्षी प्रत्येक शाळेचा अहवाल काढतं. त्यात तिसरी ते आठवीच्या भाषा आणि गणिताच्या चाचण्या, गैरहजेरी आणि प्रगतीचा आकडा असतो. लहान शाळेचा आकडा वाचताना साधा हिशेब करा: इयत्तेत पन्नास मुलं असतील तर एक मूल म्हणजे २ टक्के. तीन मुलांना चाचणीच्या दिवशी ताप आला की शाळा ६ टक्क्यांनी 'घसरली'. एका वर्षाचा आकडा धरू नका, चार-पाच वर्षांचे बघा. दुसरं, क्रॅनबरीचा अहवाल आठवीला संपतो, पुढचं प्रिन्स्टनच्या अहवालात शोधावं लागतं. आणि तिन्ही ठिकाणी मुलं बाहेर गणिताच्या क्लासला जातात, तेव्हा गुणांतलं श्रेय शाळेचं किती आणि क्लासचं किती हे कुणालाच वेगळं काढता येत नाही. म्हणून मी आधी प्रगतीचा आकडा बघतो. गेल्या वर्षी सारखे गुण असलेल्या मुलांच्या तुलनेत हे मूल किती पुढे गेलं, ते त्यातून कळतं.

गुणांची दुसरी बाजूही पाहायला हवी. वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरोचे तेव्हाचे सुपरिंटेंडंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी २०१५ मध्ये पालकांना लांबलचक पत्र लिहिलं. आदल्या शालेय वर्षात माध्यमिक आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक आरोग्य तपासणीची शिफारस करावी लागली होती, ४० जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा बंद झाल्या, गृहपाठाशिवायच्या रात्री ठरल्या. पालकांत उभी फूट पडली आणि आपल्यासारख्या आशियाई घरांतून विरोधाचा सूर मोठा होता. माझं मत तेव्हाही ॲडरहोल्ड यांच्या बाजूने होतं. ज्या गावात अशी बाब झाकून ठेवली जात नाही, तिथे मूल पाठवायला मला कमी भीती वाटते.

काउंटीची एक छोटी गोष्ट. क्रॅनबरी, प्लेन्सबोरो आणि एडिसन मिडलसेक्स काउंटीत येतात, वेस्ट विंडसर मर्सरमध्ये. मिडलसेक्सच्या प्रवेशपरीक्षेवाल्या मॅग्नेट हायस्कूलला अर्ज करायचा तर राहणं मिडलसेक्समध्ये हवं. डिस्ट्रिक्ट तेच असूनही वेस्ट विंडसरच्या मुलाला ते दार बंद.

माझं झुकतं माप सांगतो. मूल लहान आहे, गावात मिसळायची हौस आहे, बैठकीला जायची तयारी आहे आणि घराचा भाव झेपतो, तर क्रॅनबरी. आठवी-नववीच्या तोंडावर आलेलं मूल असेल तर क्रॅनबरीसाठी जादा पैसे मोजू नका, वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो बघा. आजी-आजोबा सोबत राहणार, त्यांना चालत भाजी-देऊळ-शेजार हवा, तर एडिसनला तोड नाही. तिथल्या हायस्कूलमध्ये विषयांची निवडही मोठी, फक्त गर्दीची तयारी ठेवा.

माझा धाकटा भाऊ एच-वन-बीवर आहे, त्याचा मुलगा दुसरीत. भाऊ क्रॅनबरीत घर घ्यायला निघाला होता. मी म्हटलं, आधी वर्षभर प्लेन्सबोरोत अपार्टमेंट भाड्याने घे. "दादा, भाडं म्हणजे पाण्यात पैसे," तो म्हणाला. वहिनीने त्याला बिलाच्या तीन ओळी वाचून दाखवल्या आणि प्रिन्स्टनच्या कराराचं साल विचारलं. भाडेकरार वर्षाचा झाला. एप्रिलअखेरीस क्रॅनबरीच्या बजेटची सुनावणी असते, तिला आम्ही दोघं जाणार आहोत.