जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचे पार्ट: आठ महिने वाजवल्यावर

आबाजींचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ मे महिन्यात सुरू केला, आता जानेवारी आहे. रोज सकाळ-संध्याकाळ वाजतो, म्हणून कोणता पार्ट टिकला आणि कोणत्यानं रडवलं ते लिहितो. गाव आर्वीपासून आत. पार्टसाठी वर्धा, नाहीतर थेट नागपूर.

सेट यू सिरीजच्या चार व्हॉल्व्हचा: यूसीएच८१, यूबीएफ८९, यूसीएल८२, यूवाय८५. चौघांचे फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी तार, एकाच माळेत, एक गेला की दिवाळीच्या लायटिंगसारखे सगळे अंधारात. माझा यूसीएल८२ गेला होता. आधी ऑनलाइन मागवला. डबीवर यूसीएल८२, काचेवर पीसीएल८२! पिना त्याच, पण त्याच्या फिलामेंटला ३०० मिलिअँपिअर लागतात आणि या माळेत १००च वाहतात. विकणाऱ्यानं परत घेतला नाही, फोन उचलणंही बंद केलं.

मग नागपूरचं सीताबर्डी. तीन दुकानांत "आता कोन ठेवते भाऊ" ऐकलं. चौथ्यात म्हाताऱ्या काकांनी माळ्यावरून खोका उतरवला, त्यात बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) कोरा यूसीएल८२ निघाला. काकांनी तो उजेडात धरून काचेच्या टोकाचा चंदेरी डाग दाखवला. "हे चमकते तोवर आत हवा नाही गेली. पांढरं पडलं की फेकून द्या." साडेतीनशे रुपये घेतले. आजवर एक तक्रार नाही.

त्याच खोक्यात त्याच काळातले कोरे कंडेन्सर (वीज साठवणारे पार्ट) होते, तेही मोहानं उचलले. काका नको म्हणत होते. व्हॉल्व्ह काचेत बंद असतो, पन्नास वर्षं पडून राहिला तरी बहुधा चालतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर नुसता पडून पडून आतून सुकतो. दोन आठवड्यांत गाण्यापेक्षा घुंईं मोठं झालं. आता ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन आजचे नवे टाकलेत. मेणाच्या कागदी कंडेन्सरांच्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर वाजवणाऱ्या यूसीएल८२च्या) ग्रिडला, म्हणजे आवाज आत घेणाऱ्या जाळीला, जाणारा सगळ्यात आधी बदला. तो लीक झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं आणि मुश्किलीनं मिळालेला व्हॉल्व्ह तापून मरतो.

डायलची दोरी: मासे धरायच्या नायलॉननं काटा जागचा हलेना, नुसती घसरायची. विणलेली सुती दोरी बसवली. पावसाळ्यात एकदा ओढून घ्यावी लागली, बस.

आमच्याकडे रात्री शेतातल्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज २५० च्या वर जातं, म्हणून स्टॅबिलायझर लावला. आणि एक जपा: या सेटला ट्रान्सफॉर्मर नाही, चासी, म्हणजे आतला लोखंडी सांगाडा, थेट लाइनवर असते. भंगारातून आणलेल्या नॉबचा स्क्रू उघडा राहिला होता, बोट लागलं आणि खांद्यापर्यंत झणका बसला. आता ती भोकं मेणानं बुजवलीत. मागचं झाकण लावल्याशिवाय प्लग घालत नाही.

५८५ किलोहर्ट्झवर नागपूर स्वच्छ लागतं, शेजारच्या एलईडी बल्बची खरखर सोडली तर. लाइन गेली की ती खरखरही जाते, पण तेव्हा रेडिओही बंद असतो.

डायलची काच अजून मिळाली नाही. कोणाकडे भंगारात असेल तर सांगा, जागेवर घट्ट बसत असेल तर तडा गेलेलीही चालेल.