कमला खान: आधी सिरीज का आधी कॉमिक?

पुतणीनं विचारलं होतं, काका, मिस मार्व्हल सिरीजपासून सुरू करू का कॉमिकपासून, आणि मग गावातल्या अजून दोन पोट्ट्यांनीही तेच विचारलं, म्हणून म्हटलं एकदाचं नीट लिहून टाकू. मिस मार्व्हल म्हणजे ही कमला खान, अमेरिकेत राहणाऱ्या पाकिस्तानी घरातली पोरगी, जी सुपरहिरो होते. कॅप्टन मार्व्हल म्हणजे कॅरल डॅनव्हर्स, कमलाची लाडकी सुपरहिरो, अन् अव्हेंजर्स म्हणजे अशा सुपरहिरोंची टोळी, याहून जास्त सांगत बसत नाही. मी दोन्ही केलंय. सिरीज २०२२ ला आली तेव्हाच पाहिली, कॉमिक त्याच्यानंतर वाचलं, म्हणजे उलटा गेलो.

सोयीचं म्हणाल तर सिरीजच. सहाच भाग आहेत, तालुक्याला वायफायवर डाउनलोड करून घेतले की झालं. आमच्याकडं संध्याकाळी लाईन गेली की मागोमाग रेंजही जाते, दारव्ह्याच्या पुढच्या सगळ्या गावांत हीच बोंब, तरी दोन रात्रीत बघून होते. कॉमिकचं तसं नाही. कुरिअर गावात येत नाही, मी कापूस घेऊन गेलो त्या दिवशी तालुक्याहून पार्सल उचलून आणलं. फोनवरही वाचता येतं पण चौकटी बारक्या होतात, आणि एड्रियन अल्फोनाची चित्रं फोनवर बघणं म्हणजे अर्धी वाया घालवणं, कारण हा माणूस मागच्या पाट्यांवर, डब्यांवर, भिंतींवर काय काय काढून ठेवतो ते शोधत बसण्यातच मजा आहे.

सिरीजमध्ये जे चांगलं आहे ते खरंच चांगलं आहे. इमान वेलानी ही पोरगी कमला म्हणून अशी बसलीय की दुसरं कोणी डोळ्यासमोर येत नाही. पहिल्या भागात तिचे मेसेज भिंतीवरच्या चित्रांत, दुकानाच्या दिव्यांत उमटत जातात ते तर फार गोड. अब्बू झालेले मोहन कपूर, अम्मी झालेल्या झेनोबिया श्रॉफ, दोघंही आपल्या शेजारच्या घरातले वाटतात. आणि पाचवा भाग, फाळणीचा. १९४७, कराचीला जाणाऱ्या गाडीचं स्टेशन, गर्दीत हरवलेली लहान पोरगी आणि तिला बापापर्यंत नेणाऱ्या उजेडाच्या चांदण्या. आमच्या तालुक्याच्या बाजारात एक सिंधी कापडवाले आहेत, त्यांचे आजोबा सिंधमधून आलेले. त्यांच्या पोराला हा भाग दाखवत होतो तर ते स्वतःच गल्ला सोडून मागं येऊन उभे राहिले. भाग संपल्यावर काही बोलले नाहीत, गिऱ्हाईकाला कापड मोजून दिलं आणि मग परत येऊन म्हणाले, ते स्टेशन पुन्हा एकदा लाव. हे कॉमिकच्या पहिल्या पुस्तकात तुम्हाला मिळणार नाही, मान्य आहे.

एक सांगतो, सिरीज हिंदीत लावू नका. मी आधी हिंदीत पाहिली आणि नंतर इंग्रजीत, तेव्हा कळलं की घरातले लोक इंग्रजी बोलता बोलता मधेच उर्दूत घुसतात, रागावले की जास्तच, आणि डबिंगमध्ये सगळं एकसारखं होऊन जातं. घरी एक बोली आणि बाहेर दुसरी असं ज्याचं आयुष्य गेलंय त्याला तो फरक लगेच टोचतो.

आता जे मला खटकलं ते. बाकी सगळं सोडून दिलं असतं पण हे एक सुटत नाही. सिरीजमध्ये कमलाला आजीचं कडं मिळतं, ते हातात घातलं की उजेड निघतो, आणि तो उजेड पणजीकडून आलेला. शेवटच्या भागात तिचा दोस्त ब्रूनो म्हणतो की तिच्या अंगातच काही वेगळं आहे, पण तोवर सहा भाग आपण कड्याकडंच बघत बसलेलो असतो. कॉमिकमध्ये कडंबिडं काही नाही. तिथं तिचं अंगच बदलतं, हात लांब होतात, ती मोठी होते, बारीक होते, दुसऱ्याचं रूप घेते. आणि पहिल्यांदा ती कोणाचं रूप घेते? कॅरल डॅनव्हर्सचं, म्हणजे कॅप्टन मार्व्हलचं. गोरी, उंच, सोनेरी केसांची.

याच्या आधी काय झालेलं असतं ते बघा. ती घरी न सांगता पार्टीला गेलेली, तिथं झोई नावाची पोरगी सगळ्यांसमोर म्हणते की तुझ्या अंगाला करीचा वास येतो. मग जिच्यातून तिला शक्ती मिळते ते धुकं येतं, धुक्यात कॅप्टन मार्व्हल दिसते आणि चक्क अमीर खुसरोच्या ओळी म्हणते, आणि कमला तिला सांगते की मला तुझ्यासारखं व्हायचंय. होते पण. आणि मग तोंडात केस येतात, तो पोशाख काचतो, आणि त्याच वेषात, हात टोपल्याएवढा मोठा करून ती पाण्यात पडलेल्या त्याच झोईला बाहेर काढते. पुढं कॅरलच्याच रूपात तिला गोळी लागते, आणि ती परत कमला होते तेव्हा जखम भरून आलेली असते.

माझी पुतणी पुण्याला डिप्लोमाला आहे. पहिल्या महिन्यात तिनं ‘मले’ म्हटलं की खोलीतल्या पोरी हसायच्या. दिवाळीला आली तेव्हा आजीशीसुद्धा ‘मला तुला’ करत होती, एकेक शब्द जपून. आजीनं विचारलं, काहून वं, अशी काहून बोलून राह्यली तू, बरं नाही काय? ती काही बोलली नाही, ताटातल्या भाकरीचा कोर मोडत बसली. मी पलीकडच्या पाटावर होतो आणि मला ती कॅरल झालेली कमलाच दिसत होती, तोंडात दुसऱ्याचे केस गेलेली.

हे सगळं सिरीजमध्ये नाही. तिथं कमला कॅरलचा पोशाख घालते तो जत्रेत सोंग घ्यावं तसा, एका संध्याकाळपुरता. तिला दुसरं कोणी व्हावंसं का वाटलं आणि झाल्यावर ते किती काचलं, ही गोष्टीची नाळच तिथं तुटलीय असं मला वाटतं. लांब होणारे हात पडद्यावर विचित्र दिसले असते म्हणून बदललं असेल कदाचित, त्यांची अडचण त्यांना माहीत. पण २०२० च्या अव्हेंजर्स गेममध्ये कमला हात लांब करूनच लढते आणि तिथं ते छान दिसतं. तो गेम आता शोधू नका, सप्टेंबर २०२३ मध्ये विक्रीतून काढून टाकला.

२०२३ च्या ‘द मार्व्हल्स’ सिनेमात कमला आणि तिच्या घरचे आले की जीव येतो, बाकी एकदा बघायला ठीक.

पोशाखाचं पण बघा, कॉमिकमध्ये ती स्वतः बुर्किनीतून, म्हणजे अंगभर झाकणाऱ्या पोहायच्या कपड्यातून, तो तयार करते, सिरीजमध्ये अम्मी तिला देते. इथं मात्र मी थोडा सिरीजकडं झुकतो, अम्मीचा तो चेहरा बघून. तरी कॉमिकमध्येही जग बुडायची वेळ येते तेव्हा कमला शेवटी आईला खरं सांगायला जाते आणि आईला ते आधीच माहीत असतं, ते पान मी दोनदा वाचलं.

तर सुरुवात कॉमिकनं करावी असं मला वाटतं, बाकी ज्याची त्याची आवड. पण कोणतंही कॉमिक उचलू नका. २०१४ चं, जी. विलो विल्सननं लिहिलेलं, पहिले पाच अंक एकत्र असलेलं पुस्तक घ्या, त्यालाच २०१५ चा ह्युगो पुरस्कार मिळाला. विल्सननं २०१९ पर्यंत लिहिलंय. त्यानंतर २०२३ मध्ये कमलाला मारलं आणि म्यूटंट, म्हणजे जन्मतःच अंगात शक्ती असलेली, करून परत आणलं, सिरीजशी जुळावं म्हणूनच बहुतेक. पुढची म्यूटंटवाली मालिका लिहिण्यात इमान वेलानी स्वतः पण आहे, ते कौतुकाचंच, पण नवीन माणसानं तिथून सुरू करू नये. इंग्रजी फार जड नाही, बारावीच्या पोराला जमतं. पाच अंक झाले की मग सिरीज, इंग्रजीत.

माझं पुस्तक सध्या पुतणीकडं आहे. परवा फोन आला तिचा, रूममेट वाचून राह्यली म्हणे, अजून आठ दिवस लागतीन, तुले घाई तं नाही ना काका?