संस्थेला देणगी की वकिलांची वर्गणी?

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीच्या न्यायालयांत पोटगी आणि घटस्फोटाची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाला वर्षाकाठी काही रक्कम अडचणीतल्या कुटुंबांसाठी बाजूला काढावीशी वाटली, तर त्याच्यापुढे साधारणपणे दोन मार्ग असतात. एक म्हणजे नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला देणगी देणे, आणि दुसरा म्हणजे चार-सहा सहकाऱ्यांनी मिळून वर्गणी काढून गरजेप्रमाणे थेट खर्च करणे. मी सुरुवातीची सहा वर्षे पहिल्या मार्गाने गेलो आणि गेली काही वर्षे दुसऱ्या मार्गाने जात आहे, त्यामुळे माझे माप अगदी निःपक्षपाती असेल असे वाचकाने समजू नये.

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर विनामूल्य काम करणे हा या तुलनेचा विषय नाही. ते आपण करतोच किंवा करावयास हवे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो आणि कोर्टाचा खर्चही त्यातून भागतो. भागत नाही ती तारखेच्या दिवशी बुडणारी मजुरी, मुलाची थकलेली शाळेची फी आणि माहेरीही जागा नसलेल्या बाईचे खोलीभाडे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो, परंतु नवरा गोव्यात किंवा पुण्यात कामाला असला की नोटीस बजावण्यातच महिने जातात. कोणत्याही मार्गाने दिलेला पैसा उपयोगी पडतो तो मुख्यतः या मधल्या काळात.

संस्थेच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. पावती मिळते, हिशेब तपासला जातो, आणि एखाद्या मुलीच्या वसतिगृहाचा वर्षभराचा खर्च उचलण्याची ताकद संस्थेकडे असते, जी सात वकिलांच्या वर्गणीत कधीच येणार नाही. देणगीवर मिळणाऱ्या प्राप्तिकर वजावटीचे (८०जी) आकर्षण मात्र आता पूर्वीइतके राहिलेले नाही. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही आणि जुन्या करप्रणालीतही २००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही, हे अनेक तरुण सहकाऱ्यांच्या लक्षात मार्चअखेरीसच येते. देणगी वाटपाच्या वेळी काढले जाणारे फोटोही मला खटकत. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये, हा नियम आपण सर्वजण जाणतो. आणि धनादेश हातात घेतलेली बाई दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात विरुद्ध पक्षाला दिसली, तर उलटतपासणीत त्या मदतीचा उल्लेख कसा होतो, हेही आपण जाणतो. तरीही एवढ्यावरून मी संस्था सोडली नसती.

मी सोडली ती शिधापत्रिकेपायी. मी ज्या संस्थेला देणगी देत असे, तिच्या अर्जासोबत बेळगाव जिल्ह्याच्या शिधापत्रिकेची प्रत लागत असे, आणि वरवर पाहता त्यात गैर काहीच नव्हते. परंतु आपल्या सीमाभागात सोयरिकी राज्याची हद्द पाहून होत नाहीत. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली मुलगी कर्नाटकातल्या बेळगाव तालुक्यात दिली जाते आणि संसार मोडला की दोन मुलांना घेऊन बाची-शिनोळीची हद्द ओलांडून माहेरी परतते. तिचे नाव सासरच्या शिधापत्रिकेवर असते आणि ती पत्रिका, ज्या घरातून तिला बाहेर काढले, त्याच घरातल्या ट्रंकेत असते. माहेरच्या पत्रिकेवर नाव चढवायचे तर आधी सासरच्या पत्रिकेवरून ते कमी झाल्याचा दाखला लागतो. अशीच एक बाई माझ्या चिठ्ठीसह संस्थेत तीन वेळा जाऊन आली आणि तिन्ही वेळा तिला तेच उत्तर मिळाले. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपये पत्रिकेवरील कुटुंबप्रमुख म्हणून सासूच्या खात्यात जात होते. बसचा मोफत प्रवासही कर्नाटकच्या रहिवासी महिलांसाठीच असल्यामुळे, माहेरच्या पत्त्याचे आधारकार्ड करून घेतलेल्या या बाईला तो मिळत नव्हता. संस्थेचे कार्यकर्ते सज्जन होते, त्यांचा नियमही समजण्यासारखा होता. पण ज्या कागदाअभावी सरकारी मदत मिळत नाही, तोच कागद खाजगी मदतीसाठीही मागायचा असेल, तर माझ्या देणगीने नेमकी कोणती फट भरली जाते, हे मला उमगेनासे झाले.

आमची वर्गणी ही भिशीसारखी आहे, फक्त तिची उचल आमच्यापैकी कोणी घेत नाही. सात वकील दरमहा प्रत्येकी १५०० रुपये देतात आणि एक ज्येष्ठ वकीलबाई लाल कापडी बांधणीच्या वहीत हिशेब ठेवतात. नियम दोनच आहेत. पहिला म्हणजे, ज्याचे वकीलपत्र आहे त्याने आपल्या अशिलासाठी फक्त शब्द टाकायचा. द्यायचे की नाही हे इतरांनी ठरवायचे. अशिलाला दाव्यासाठी पैसे उसने देण्यास बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, आणि आमचे पैसे उसने नसले तरी वकील आणि अशील यांच्यात पैशाचे नाते निर्माण होऊ नये, असे आम्हाला वाटते. दुसरा नियम असा की, शक्य तेथे पैसे थेट शाळेत, औषधाच्या दुकानात किंवा घरमालकाकडे भरायचे. ‘चंदगड-बेळगाव, आई व दोन मुले, जाऊन-येऊन, जेवणासह’ अशा नोंदी त्या वहीत पानोपानी सापडतील. कन्नडमधील आदेश मराठीत समजावून घेण्यासाठी टंकलेखकाला दिलेले पैसेही त्यात आहेत, आणि एकट्याने दोन मुली सांभाळणाऱ्या एका बापाची घरभाड्याची नोंदही आहे.

या मार्गाच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. वकीलबाई आजारी पडल्या तेव्हा दोन महिने व्यवहार थांबला. कोणाला द्यायचे यावरून एकदा आमच्यात चांगलीच कटुता आली. वजावट नाही, लेखापरीक्षण नाही, आणि महिन्याचे साडेदहा हजार रुपये एखाद्या शस्त्रक्रियेपुढे काहीच नाहीत. ज्यांचे काम बहुतांशी गोकाक, बैलहोंगल किंवा सौंदत्तीकडचे आहे आणि ज्यांच्या पक्षकारांचे माहेर आणि सासर एकाच जिल्ह्यात आहे, त्यांना शिधापत्रिकेची ही अडचण बहुधा येणार नाही. त्यांनी संस्थेलाच देणगी दिली तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. मात्र चंदगड, गडहिंग्लज किंवा आजऱ्याचे पत्ते ज्यांच्या फाइलींत वरचेवर येतात, त्यांनी विश्वासाचे चार सहकारी जमवून आधी वर्षभर वही चालवून पाहावी, असे मला वाटते. मी स्वतः आजही संस्थेला वर्षातून एकदा, वसतिगृहासाठी म्हणून, लहानशी रक्कम पाठवतो.