फोटो चॅलेंज: रोजचं की आठवड्याचं, ताजा फोटो की साठ्यातला?

विषय देऊन फोटो मागवणाऱ्या चॅलेंजमध्ये उतरायचं ठरलं की दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. एक म्हणजे फोटो किती दिवसांनी द्यायचा: रोज, आठवड्याला की महिन्याला. दुसरी म्हणजे विषय वाचून नवा फोटो काढायचा की प्रवासात काढून ठेवलेल्यांतून शोधायचा. पहिलीवर लोक बराच खल करतात. दुसरी मात्र ठरवायची राहूनच जाते आणि हाताला लागेल तो फोटो जातो. फोटो सुधारणार की नाही, हे आमच्या मते दुसरीवर जास्त अवलंबून असतं.

किती दिवसांनी?

रोजच्या चॅलेंजमध्ये वर्षाला 365 फोटो द्यावे लागतात. हात बसतो, सेटिंग शोधत बसावं लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. अडचण वेळेची येते. काढणं, निवडणं आणि चढवणं यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. दिवस संपत आला की टेबलावरची दिसेल ती वस्तू ट्यूबलाइटखाली टिपली जाते. असे दहा-बारा फोटो सलग पडले की उत्साह मावळतो. रोजचंच करायचं असेल तर फोटो सकाळच्या उजेडात उरकून टाका. आणि एखादा दिवस चुकला तर मागचे भरून काढायच्या फंदात पडू नका. पुढच्या विषयाला लागा.

आठवड्याच्या चॅलेंजमध्ये वर्षाला 52 विषय येतात. पहिले दोन दिवस विषय डोक्यात घोळवायचा, मग फोटो काढायचा, आणि फसला तर त्याच जागी पुन्हा जायचं. ही दुसरी फेरीच सगळ्यात जास्त शिकवते. रोजच्या चॅलेंजमध्ये ती मिळत नाही. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

महिन्याच्या चॅलेंजमध्ये वर्षाला जेमतेम 12 फोटो होतात, त्यामुळे शिकण्याचा वेग मंद. शिवाय लोक आपला उत्तम फोटो राखून ठेवतात, म्हणून चुरस जास्त. प्रवासाचा मोठा साठा असेल तर हेच चॅलेंज सोयीचं.

ताजा की साठ्यातला?

समजा, विषय आहे ‘दरवाजा’. साठ्यात एखाद्या भव्य वास्तूचा फोटो सापडतो आणि त्यात दरवाजाही असतो. पण तो फोटो काढताना लक्ष वास्तूवर होतं. दरवाजाने चौकटीची पाव रुंदी आणि पाव उंची व्यापली असेल, तर क्रॉप केल्यावर, म्हणजे बाकीचा भाग कापून टाकल्यावर, मूळ फोटोचा सोळावा भाग उरतो. 12 मेगापिक्सेलचा, म्हणजे 4000×3000चा फोटो 1000×750वर येतो. क्रॉप केला नाही तर बघणाऱ्याला आधी स्थळ दिसतं, विषय नंतर. चॅलेंजमधल्या फोटोंना मत देणारा एका फोटोवर काही सेकंदच थांबतो. तेवढ्यात विषय पोचला नाही तर फोटो गेलाच. याउलट घरातल्या दारापाशी सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर उभं राहता येतं. फटीतून आत येणारी उजेडाची रेघ, हात लागून झिजलेली कडी, अर्धवट उघड्या दारातून दिसणारी खोली यांतलं नेमकं काय हवं ते ठरवून काढता येतं.

‘प्रतिबिंब’ या विषयात हा फरक आणखी ठळक होतो. प्रवासातले तलावाचे फोटो बहुतेकांकडे असतात. पण लेन्सला पोलरायझर (चमक कमी करणारं, फिरवता येणारं फिल्टर) लावलेला असेल तर तो पाण्यावरची चमक कमी करतो, आणि तिच्यासोबत प्रतिबिंबही फिकं पडतं. ते नंतर परत आणता येत नाही. ताजा फोटो काढताना पोलरायझर काढून ठेवायचा, नाहीतर कडं फिरवत प्रतिबिंब सर्वात गडद दिसेल तिथे थांबायचं. पावसाचं साधं डबकंही पुरतं. मोबाइल उलटा धरून लेन्स पाण्याच्या अगदी जवळ आणली की हातभर डबक्यात समोरची अख्खी इमारत मावते. फोकस मात्र पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवायचा नाही. इमारत 20 मीटरवर असेल तर तिचं प्रतिबिंबही तेवढ्याच अंतरावर फोकस होतं. पाण्यावरच्या पानावर फोकस बसला की इमारत धूसर येते, आणि कारण लक्षातच येत नाही.

रंगांच्या विषयांतही साठा दगा देतो. गडद लाल वस्तूच्या फोटोत लाल चॅनल, म्हणजे फोटोतली लाल रंगाची नोंद, आधीच भरून जाते. एकूण हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) ठीक दिसतो, पण कापडाची वीण किंवा पाकळीच्या शिरा पुसल्या जातात. जेपेग या नेहमीच्या प्रकारच्या फाइलमध्ये त्या परत येत नाहीत. ताजा काढताना एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड) कमी करा आणि रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघा. मोबाइलवर लाल भागावर टॅप करून उजेड थोडा खाली ओढला तरी चालतं.

मग साठा कशासाठी? जे हवं तेव्हा मिळत नाही त्यासाठी: धुकं, बर्फ, वादळाआधीचं आभाळ, उत्सवातली गर्दी. अशा विषयांना सात दिवसांत ताजा फोटो मिळेलच असं नाही. पण साठा लावून ठेवलेला हवा. प्रवासातून आल्यावर आठवडाभरात हललेले आणि दुबार फोटो काढून टाका, उरलेल्यांतले निवडक वेगळे करा आणि प्रत्येकाला चार-पाच टॅग द्या. ‘सहल’ किंवा गावाचं नाव एवढ्यावर भागत नाही. वस्तू, रंग, उजेड, हवामान आणि हालचाल अशा अंगांनी टॅग लावले तर विषय आल्यावर शोधता येतं. डिजिकॅम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे व्यवस्थित होतं.

पुढच्या प्रवासातच याची तयारी करता येते. प्रत्येक ठिकाणी नेहमीचा मोठा फोटो झाला की तिथलीच एक वस्तू चौकटभर घ्या: कुलूप, पायरी, पाटी, सावली. साठ्यात नेमके हेच फोटो कमी असतात आणि चॅलेंजला हेच लागतात.

नियमांत अडकतं ते

‘फोटो याच काळात काढलेला हवा’ अशी अट असेल तर एक्झिफ तारीख, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये आपोआप नोंदवलेली तारीख, बघितली जाते. बॅटरी फार दिवस काढून ठेवली तर काही कॅमेऱ्यांचं घड्याळ कारखान्यात लावलेल्या तारखेवर परत जातं. परदेशात मोबाइलची वेळ आपोआप बदलते, बहुतेक कॅमेऱ्यांची नाही. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ही माहिती सहसा उरत नाही आणि आकारही घटतो, म्हणून फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चौकोनी फोटो मागितला असेल तर 3:2 चौकटीचा एक-तृतीयांश भाग जातो, 4:3चा एक-चतुर्थांश. कडेला जागा सोडूनच काढा. चढवण्याआधी फाइल एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत करा. अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत राहिली तर काही ठिकाणी रंग मळकट दिसतात.

घरातले फोटो देताना फाइलमधली जीपीएसची, म्हणजे ठिकाणाची, नोंद काढून टाकायला विसरू नका. रोजच्या चॅलेंजमध्ये घराचा पत्ता सगळ्यात सहज उघडा पडतो.

हक्कांची अट वाचून घ्या. विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स ही विकिपीडियासारख्या प्रकल्पांसाठी वास्तूंचे फोटो जमवणारी, 2010मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेली स्पर्धा साधारणपणे सप्टेंबरात होते. तिथे जुना फोटोही चालतो. चढवणं मात्र स्पर्धेच्या काळातच व्हायला हवं आणि वास्तू कोणती ते सांगितलेलं हवं, ती स्पर्धेच्या वास्तूंच्या यादीतली हवी. फोटो मुक्त परवान्याखाली जातो: तुमचं नाव देऊन कोणीही तो व्यावसायिक कामालाही वापरू शकतं, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. जो फोटो पुढे विकायचा विचार आहे, तो तिथे देऊ नका. शिवाय फ्रान्ससारख्या देशात नव्या इमारतींच्या फोटोच्या व्यावसायिक वापराला वास्तुरचनाकाराचा हक्क आड येतो, त्यामुळे तिथल्या प्रवासातला आधुनिक इमारतीचा फोटो अशा ठिकाणी काढून टाकला जाऊ शकतो; शतकानुशतकं जुन्या वास्तूला ही अडचण नाही.