अपोफिस की बेन्नू?

गच्चीवर पोरांना लघुग्रह शिकवायचा तर कोणता घ्यावा? आधी खडू-सुतळीनं पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या वाटेचं वर्तुळ काढलं. अपोफिसची कक्षा बरीचशी त्याच्या आत बसते, फेरी 324 दिवसांची. बेन्नूची बरीचशी बाहेर, फेरी साधारण 437 दिवसांची. दोघंही पृथ्वीची वाट ओलांडतात.

बेन्नूची बाजू भक्कम आहे. ओसायरिस-रेक्स यानानं तिथून आणलेली सुमारे 121 ग्रॅम माती 2023 मध्ये पृथ्वीवर पोचली. मूठभरच, पण सूर्यमालेच्या बालपणीची! 2182 मध्ये त्याच्या धडकेची अगदी किंचित शक्यताही आहे.

तरी माझं मत अपोफिसला. भारतीय वेळेनुसार 14 एप्रिल 2029 च्या पहाटे तो जमिनीपासून जेमतेम 32,000 किलोमीटरवरून जाईल, म्हणजे भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून. धडकेची भीती नाही. पुढची शंभर वर्षं तरी नाही. उलट पृथ्वीच्या ओढीनं त्याचीच कक्षा रुंदावेल आणि फेरी वर्षाहून मोठी होईल. खडूची रेघ पुसून नवी काढताना पोरांना गुरुत्वाकर्षण हाताला कळतं.

रंकाळ्यावर दिव्यांचा उजेड फार. त्या रात्री दुर्बीण घेऊन पन्हाळाच गाठायचा.