चित्रं पाहून जोडलेलं पुस्तकांचं कपाट: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

खोक्यात सुटे भाग आणि एकही शब्द नसलेली चित्रांची पुस्तिका. कपाट आपणच जोडायचं. पावसाळा काढल्यावर कपाटापेक्षा या पुस्तिकेबद्दलच सांगण्यासारखं जास्त आहे.

चित्रं चोख आहेत. प्रत्येक पायरीला लागणारे स्क्रू नगासकट वर दाखवलेत आणि दिसायला सारखाच, पण लांबीला वेगळा असेल त्यावर फुली. तरी एका जागी हमखास गफलत होते. फळीची पट्टी न लावलेली कड चित्रात जरा गडद आहे, तेवढंच. ते निसटलं की फळी उलटी बसते आणि कच्ची कड दर्शनी येते, तेही पाच-सहा पायऱ्या पुढे गेल्यावर कळतं. म्हणून आवळण्याआधी फळीवरच्या भोकांच्या जागा चित्राशी ताडून बघा.

कॅम लॉक म्हणजे बोल्टचं डोकं पकडून दोन फळ्या आवळणारी गोल चकती. ती बसवताना तिच्यावरचा बाण, बोल्ट जिथून आत येणार त्या कडेकडे हवा. मग घड्याळाच्या दिशेने साधारण अर्धा फेरा. चित्रात गोल बाण आहे, पण जोर किती लावायचा हे त्यातून कळत नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद. अडल्यावरही पिळत राहिलात तर भोकाची कड फुटते आणि तो सांधा कायमचा ढिला. ड्रिल मशीन लांब ठेवा, साधा स्क्रू ड्रायव्हर बरा.

मागची पातळ पाठ लोक नुसतं झाकण समजतात आणि चार खिळ्यांत उरकतात. खरं तर कपाट डावी-उजवीकडे डुलत नाही ते तिच्यामुळेच. खिळे ठोकण्याआधी टेपने दोन्ही कर्ण मोजा. सारखे नसतील तर लांब कर्णाचे कोपरे आत दाबा. चित्रात दाखवलेले सगळे खिळे मारा.

भिंतीला धरणारी पट्टी मिळते, तिचा स्क्रू नाही, कारण भिंती वेगवेगळ्या. विटांच्या भिंतीत प्लग, म्हणजे स्क्रू धरायला भोकात घालायची नळी, नुसत्या गिलाव्यात राहिला तर उपटतो, तो विटेपर्यंत जायला हवा. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकला त्याचाच वेगळा प्लग घ्या. ही पायरी टाळू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.

पुस्तिकेत नसलेल्या दोन गोष्टी. ओल्या फडक्याने फरशी पुसताना पाणी तळाच्या कच्च्या कडेत मुरतं. ती एकदा फुगली की पूर्ववत होत नाही. आणि जाड पुस्तकांनी मधली सुटी फळी वाकायला लागली, तर ती उलटी करून ठेवा.